नवी मोटारसायकल मध्येच बंद पडते आणि सर्व्हिस सेंटरला काहीच सापडत नाही: कुठून शोधायचं?

गाडीचं रनिंग अजून हजार किलोमीटरही झालेलं नाही. सिग्नलला क्लच दाबून थांबलं की इंजिन बंद. सेल्फ मारला की लगेच चालू. कधी आठवडाभर कुरकुर नाही, मग एकाच दिवसात तीन-चारदा तोच प्रकार. सर्व्हिस सेंटरला नेली की तिथे अगदी गुणी बाळासारखी चालते. सुपरवायझर एक चक्कर मारून येतो, कॉम्प्युटर लावतो, "एरर काही नाही, नवी गाडी आहे, सेट होईल" म्हणतो आणि धुऊन परत देतो. घरी येताना पहिल्याच चौकात पुन्हा बंद.

ही तक्रार एका कंपनीची किंवा एका मॉडेलची नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे नवे नियम) लागू झालं आणि जवळजवळ सगळ्या मोटारसायकलींवरून कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. पूर्वी गाडी बंद पडली की गल्लीतला मिस्त्री पेट्रोल कॉक, फ्लोट, जेट, प्लग असं ओळीने बघायचा आणि चहा येईपर्यंत मोकळा व्हायचा. आता इंजिन चालू राहायला पंप, सेन्सर, दोन-तीन सेफ्टी स्विच आणि डझनभर कपलर (वायरी एकमेकींना जोडणारे प्लग) या सगळ्यांची संमती लागते. त्यातल्या एकाने क्षणभर जरी नाही म्हटलं तरी इंजिन बंद, आणि पुढच्या क्षणी सगळं पूर्ववत. म्हणून "मध्येच बंद पडते" एवढंच सांगितलं तर चांगल्या मेकॅनिकलाही काही सापडणार नाही. नेमकी कधी पडते आणि पडताना काय काय होतं हे पकडलंत, तर बऱ्याचदा पाना हातात घेण्याआधीच दोषाचा पत्ता लागतो. हा लेख मुख्यतः त्यासाठीच आहे.

"सेट होईल" कुठपर्यंत खरं

काही गोष्टी खरंच आपोआप सुधारतात. गिअर सुरुवातीला जड पडणं, न्यूट्रल चटकन न सापडणं, पहिले काही दिवस सायलेन्सरमधून जळका वास येणं, इंजिन थोडं जास्त तापतंय असं वाटणं, अ‍ॅव्हरेज कमी मिळणं. पहिलं ऑइल बदललं, क्लच वायर नीट सेट झाली की यातलं बरंचसं जातं. डिस्क ब्रेकचं पॅड बसेपर्यंत थोडी करकर होते, तीही चालते.

पण चालतं इंजिन बंद पडणं, ऑइल गळणं, ब्रेक लिव्हर मऊ पडत जाणं, हँडल एका बाजूला ओढणं आणि पेट्रोलचा वास सतत येणं या गोष्टी सेट होत नसतात. त्या दुरुस्त कराव्या लागतात. "पाचशे किलोमीटर चालवा, मग बघू" हे उत्तर यांना लागू नाही.

पहिला प्रश्न: बंद पडताना मीटरचं काय झालं?

सगळ्या शोधाचा पहिला फाटा इथे फुटतो. गाडी बंद पडली की पहिल्यांदा बाजूला घ्या, पण लगेच किल्ली फिरवू नका. आधी मीटर बघा. हेडलाइटवर जाऊ नका, कारण एप्रिल २०१७ पासून नव्या गाड्यांत हेडलाइट इंजिनबरोबरच लागतो आणि बऱ्याच मॉडेलमध्ये इंजिन बंद पडलं की तोही आपसूक जातो. बघायचं ते मीटर, न्यूट्रलचा हिरवा दिवा आणि पिवळा इंजिनचा दिवा.

मीटर पूर्ण गेलं, क्षणभर लुकलुकलं, किंवा नंतर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झालेलं आणि ट्रिप शून्यावर आलेली दिसली, तर इंजिनकडे बघायची गरजच नाही. गाडीचा वीजपुरवठा तुटतोय. यात पहिला संशयित म्हणजे बॅटरीचं टर्मिनल. ते का, हेही सांगतो. नव्या गाडीची बॅटरी बऱ्याचदा शोरूममध्ये गाडी तयार करतानाच जोडली जाते. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, धनत्रयोदशी या दिवशी एकेका शोरूममधून रांगेने गाड्या बाहेर पडतात. मुहूर्त साधायचा असतो, पेढे वाटून होत असतात, हार घातलेला असतो, आणि तपासणीचा तक्ता बघता बघता टिकमार्कांनी भरतो. स्क्रू हाताने फिरवून सोडलेला असला तरी गाडी चालू होते. शे-दोनशे किलोमीटरच्या हादऱ्यांनी मग तो सैल होतो. माझ्या मते मुहूर्तावर पूजा करावी आणि गाडी दोन दिवस आधी किंवा नंतर निवांत बघून घ्यावी. घरच्यांना पटवणं ज्याचं त्याने बघावं.

तपासणं सोपं आहे. किल्ली बंद करून सीट किंवा साइड पॅनेल काढा. दोन्ही टर्मिनल बोटांनी हलवून बघा. हललं तर स्क्रू घट्ट करा, आधी काळी (ऋण) वायर सुटी करून मगच लालला हात लावा, आणि जोडताना काळी शेवटी. मग काळी वायर चेसिसला किंवा इंजिनला जिथे बोल्टने बसते, तो अर्थचा बोल्टही बघा. तिथे रंग राहिलेला असला किंवा गंज धरू लागला असला तरी हेच लक्षण येतं. मेन फ्यूज त्याच्या खाचेत घट्ट बसलाय का, तेही त्याच वेळी.

आमच्या भागातल्या एका मुलाची १६० सीसीची गाडी कुपवाड एमआयडीसीच्या रस्त्यावर ठरावीक दोन स्पीडब्रेकरनंतर बंद पडायची. इंजेक्टर साफ करून झाला, प्लग बदलून झाला, पेट्रोल पंपालाही शिव्या घालून झाल्या. घड्याळ दर वेळी एकवर येतं हे त्याने सहज बोलता बोलता सांगितलं. मग पुढचं काम दहा मिनिटांचं होतं, अर्थचा बोल्ट अर्धा आटा बाहेर होता.

हँडल पूर्ण डावीकडे किंवा उजवीकडे वळवल्यावरच बंद पडत असेल तर हँडलजवळचं वायरिंग ओढलं जातंय, किंवा इग्निशन स्विचखालचा कपलर सैल आहे. स्टँडवर गाडी चालू ठेवून हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. बंद पडली तर त्याचा व्हिडिओ काढून ठेवा, सर्व्हिस सेंटरला दुसरा पुरावा लागणार नाही. वळवताना इंजिनची रेस वाढली तर ते वेगळं दुखणं, अ‍ॅक्सिलेटर वायर ओढली जातेय. त्याकडेही दुर्लक्ष करू नका, वळणावर रेस वाढणं बंद पडण्यापेक्षा घातक आहे.

आणि एक. शोरूममध्येच बसवून घेतलेला अलार्म, मोबाइल चार्जर, फॉगलॅम्प, जास्तीचा हॉर्न यांसाठी मूळ वायर सोलून जोड मारला असेल, तर तो जोड आधी काढायला लावा. नव्या गाडीच्या वायरिंगमधलं बरंचसं दुखणं कारखान्यातून येतच नाही, या जोडांतून येतं. वॉरंटी नाकारायलाही पुढे हेच कारण पुढे केलं जातं, मग जोड त्यांच्याच माणसाने मारलेला का असेना. बिलात अ‍ॅक्सेसरी त्यांनी बसवल्याची नोंद असेल तर ते बिल जपून ठेवा.

मीटर ठीक, पण गिअर टाकताच बंद

गाडी न्यूट्रलमध्ये छान चालते, पहिला टाकला की बंद. किंवा खड्ड्यात आदळली की क्षणभर झटका. साइड स्टँडचा स्विच बघा. स्टँड खाली असताना गाडी गिअरमध्ये चालू नये म्हणून तो दिलेला असतो, आणि तो असतो नेमका चिखल उडतो तिथे. पावसाळ्यात तर तिथे मातीचा गोळाच बसतो. पाण्याने धुऊन, स्टँड दहा-पंधरा वेळा वर-खाली करा. मीटरवर स्टँडचं चिन्ह येत असेल तर स्टँड वर असताना ते पूर्ण जातं का बघा. स्टँड हाताने किंचित हलवून चिन्ह लुकलुकलं तर दोषी सापडला. स्टँडची स्प्रिंग सैल असली की खड्ड्यात स्टँड थोडा खाली येतो आणि स्विचचा संपर्क तुटतो, हाही त्यातलाच प्रकार. काही गॅरेजवाले हा स्विच बायपास करून देतात. वॉरंटीतल्या गाडीत तसं करू नका, आणि स्टँड खाली राहिलेला असताना डावं वळण घेतल्यावर काय होतं ते आठवा.

गाडी एकदा पडली होती आणि त्यानंतर सुरूच होत नाही, अशा वेळी किल्ली बंद करून पुन्हा चालू करा. गाडी आडवी झाली की इंजिन बंद करणारा सेन्सर असतो, तो किल्ली फिरवल्याशिवाय मोकळा होत नाही. एवढ्यासाठी टेम्पोत घालून आणलेल्या गाड्या पाहिल्या आहेत.

थांबताना बंद पडते, पण रेस दिली की टिकते

सगळ्यात जास्त तक्रारी या गटातल्या. इथे आधी एक साधी चाचणी करा. गाडी पूर्ण गरम झाल्यावर न्यूट्रलमध्ये पाच मिनिटं आयडलिंगवर ठेवा. आरपीएम बहुतेक कम्युटर गाड्यांत १३०० ते १५०० च्या दरम्यान स्थिर असतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. न्यूट्रलमध्ये स्थिर आहे, आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण दाबून धरला की आरपीएम खाली येतो, गाडी किंचित पुढे सरकू बघते, मग दोष इंधनाचा नाही. क्लच पूर्ण सुटत नाही. लिव्हरला फाजील ढिलाई आहे. बऱ्याच कम्युटर गाड्यांत लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर ढिलाई सांगितलेली असते. नवी वायर पहिल्या काही दिवसांत ताणते, ढिलाई वाढते, आणि गाडी सिग्नलला दम टाकते. लिव्हरजवळचा अ‍ॅडजस्टर हाताने फिरवून हे घरी करता येतं. पण अति ताणू नका, ढिलाई शून्य झाली की क्लच प्लेट घसरून जळायला लागतात.

न्यूट्रलमध्येही आरपीएम वर-खाली होत असेल तर मात्र थ्रॉटल बॉडी आणि आयडलिंग सांभाळणारा व्हॉल्व्ह हा कंपनीचा प्रांत. जुन्या सवयीचा मिस्त्री इथे रेसचा स्क्रू शोधू लागतो. बऱ्याच इंजेक्शन गाड्यांत तो नसतो, किंवा सील केलेला असतो. आयडलिंग कॉम्प्युटर ठरवतो. स्क्रू फिरवून दोन दिवस बरं वाटेल, नंतर दुसऱ्या टोकाला त्रास सुरू होईल.

आता टॅपेट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह दाबणारे भाग. हे थोडं सविस्तर सांगतो, कारण तक्रार "पहिल्या सर्व्हिसिंगनंतर सुरू झाली" अशी असेल तर माझा पहिला संशय यावरच असतो. पहिली सर्व्हिसिंग साधारण ५०० ते १००० किलोमीटरला येते आणि त्यात टॅपेट बघायचे असतात. त्यांची फट मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या भागात मोजतात आणि ती थंड इंजिनवर मोजायची असते. तुम्ही सकाळी दहा वाजता वीस किलोमीटर गाडी चालवत नेली, अकराला रॅम्पवर घेतली, साडेअकराला मेकॅनिकने फीलर गेज घातला, तर ते माप चुकणारच. फट कमी राहिली की इंजिन गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं, आयडलिंग डळमळतं. थंडीत सकाळी मात्र गाडी एकदम ठीक. उपाय एकच: आदल्या संध्याकाळी गाडी सोडून या आणि जॉबकार्डवर "टॅपेट सकाळी थंड इंजिनवर तपासणे" असं लिहून घ्या. सुपरवायझर थोडा वैतागेल. वैतागू द्या.

अर्ध्या तासाने दम तोडते, थोडं थांबलं की पुन्हा चालते

हायवेला किंवा घाटात बंद पडणाऱ्या गाड्या बहुधा या गटात मोडतात. आधी पिकअप जातो, झटके येतात, मग बंद. दहा मिनिटांनी सुरू.

पहिल्यांदा बंद पडेल तेव्हा पेट्रोल टाकीचं झाकण उघडा. आत हवा जाताना 'फुस्स' असा आवाज आला आणि त्यानंतर गाडी लगेच सुरू झाली, तर टाकीत हवा जाण्याचा मार्ग बंद आहे. पेट्रोल खाली जातं तेवढी हवा आत यायला हवी, नाही आली तर पोकळी तयार होते आणि पंप हरतो. झाकण, त्यातली नळी, आणि बीएस-६ गाड्यांतली वाफ साठवणाऱ्या डब्याची (सगळे त्याला कॅनिस्टर म्हणतात) नळी कुठे दुमडली आहे का बघायची. सीटखाली सामान कोंबताना किंवा क्रॅशगार्ड बसवताना ती चेपलेली सापडते.

कॅनिस्टरचा उलटा त्रासही आहे. टाकी तोंडोतोंड भरायची सवय आपल्याकडे पक्की. पंपावरचा माणूस नोझल कट झाल्यावरही आकडा गोल करण्यासाठी थेंब-थेंब ओततो. बीएस-६ गाडीत ते जास्तीचं पेट्रोल कॅनिस्टरमध्ये उतरतं, जिथे फक्त वाफ जायला हवी. मग ते तिथून इंजिनात ओढलं जातं, मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होतं, गाडी आयडलिंगला गुदमरते, गरम असताना स्टार्ट व्हायला नखरे करते आणि पेट्रोलचा वास येतो. त्रास फुल टाकी केल्यावरच्या दोन दिवसांतच होतो का, हे आठवून बघा. तसं असेल तर टाकीच्या गळ्यातल्या पट्टीपर्यंतच भरा. दोन वेळा असं केल्यावर त्रास गेला तर गाडीत दोष नव्हताच. वास आणि त्रास राहिला तर कॅनिस्टर भिजलाय, तो बदलून घ्या.

याच्या उलट, टाकी तळाला असताना चढावर बंद पडते. पंप टाकीच्या आत असतो, घाटात पेट्रोल मागे सरकलं की तो हवा ओढतो. आंबा घाटात रिझर्व्हवर प्रयोग करू नयेत. पंपाला गार ठेवायचं कामही आजूबाजूचं पेट्रोलच करतं.

किल्ली चालू केल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद 'ज्झ' असा आवाज येतो, तो पंपाचा. तो थांबल्यावरच सेल्फ मारायचा. गाडी बंद पडल्यावर किल्ली बंद-चालू करून हा आवाज येतो का ऐका. आवाज नाही म्हणजे पंपापर्यंत वीज पोहोचत नाही किंवा पंपच गेला. आवाज आहे आणि तरी सुरू होत नाही, तर प्लगला ठिणगी येते का हे मेकॅनिकने त्याच वेळी, गरम असतानाच बघायला हवं. क्रँकची गती मोजणारा सेन्सर (मिस्त्रींच्या भाषेत पिकअप कॉइल) गरम झाल्यावर आतून तुटतो आणि गार झाल्यावर जुळतो. वर्कशॉपच्या सावलीत तासभर उभी राहिलेली गाडी यात कधीच पकडली जात नाही.

पाऊस आणि पेट्रोल

पावसात किंवा धुतल्यानंतरच मिसिंग मारत असेल तर प्लग कॅप आणि सीटखालचे कपलर आधी. प्रेशर पंपाचा फवारा थेट कपलरवर मारणारी वॉशिंग सेंटर ही आपल्याकडची खास देणगी. दुसरं ठिकाण टाकीच्या झाकणाभोवतीची खाच. तिथे साठलेलं पाणी वाहून जायला एक बारीक भोक आणि नळी असते. ती मातीने तुंबली की पाणी झाकणाखालून टाकीत उतरतं. कोकणात उघड्यावर लावलेल्या गाड्यांना हे हमखास होतं.

इथे ई-२० चा मुद्दा येतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये साधारण २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी धरून ठेवतं. पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळा थर टाकीच्या तळाशी जमतो, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. अशा वेळी टाकी रिकामी करून पुसल्याशिवाय गत्यंतर नाही, वरून नवं पेट्रोल ओतून भागत नाही. बाटलीत काढून अर्धा तास ठेवलंत तर दोन थर डोळ्यांनी दिसतात. मात्र प्रत्येक दुखण्याचं खापर ई-२० वर फोडू नका. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा कमी असते, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडं घटतं हे खरं. पण २०२३ नंतरची नवी गाडी ई-२० साठी बनवलेली असते, ती त्यामुळे सिग्नलला बंद पडत नाही. सुपरवायझरने "पेट्रोल खराब" म्हटलं तर टाकीतला नमुना तुमच्यासमोर काढायला सांगा.

बॅटरी मोजून घ्या

सकाळी सेल्फ खेचत नाही एवढीच तक्रार असेल तर साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवं, १२.२ च्या खाली असेल तर बॅटरी अर्धीमुर्धीच भरलेली. इंजिन चालू करून थोडी रेस दिल्यावर १३.५ ते १४.५ यायला हवं. ते येत नसेल तर रेक्टिफायर किंवा चार्जिंगची कॉइल. ते येतं आणि तरी दोन-तीन दिवसांत बॅटरी उतरते, तर बॅटरी यार्डातच मेलेली होती असं समजा. गाडी कधी बनली हे कागदांवर बघा, टायरच्या बाजूवरही तो कधी बनला याचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. गाडी सहा-आठ महिने उभी होती असं निघालं तर बॅटरी वॉरंटीत मागायला कचरू नका. बीएस-६ गाडीत किक असली तरी बॅटरी पूर्ण झोपली असेल तर ती उपयोगी पडेलच असं नाही, कारण पंपालाच वीज मिळत नाही.

बाकीच्या कुरबुरी, थोडक्यात

चेन खडखडते: नवी चेन लवकर ताणते. ढिलाई किती हवी याचं स्टिकर बऱ्याचदा स्विंग आर्मवर असतं, साधारण २० ते ३० मिलिमीटर. घट्ट चेन ढिल्या चेनपेक्षा वाईट, बेअरिंग खाते. हँडल सोडल्यासारखं वाटतं किंवा ब्रेक मारताना पुढे 'टक' आवाज येतो: कोन सेट (हँडलखालच्या बेअरिंग) सैल, पहिल्या सर्व्हिसिंगला घट्ट करून घ्या. इंजिनावर ऑइलचा ओलावा: आधी पुसा, टाल्कम पावडर मारा, वीस किलोमीटर फिरवा, मग कुठून येतंय ते दिसेल. क्लच घसरतो: पहिल्या सर्व्हिसिंगला ऑइल कुठलं टाकलं ते बिलावर बघा, मोटारसायकलला जासो एमए किंवा एमए-२ लिहिलेलंच हवं. कारचं ऑइल ओल्या, म्हणजे इंजिन ऑइलमध्येच बुडालेल्या, क्लचला चालत नाही.

जॉबकार्डवर काय लिहायचं

"गाडी बंद पडते, चेक करणे" असं लिहिलेलं जॉबकार्ड कुचकामी. त्याचं उत्तर ठरलेलं, "ट्रायल घेतली, ओके". सुपरवायझर संगणकात आपल्या ठेवणीतलं वाक्य टाकतो, म्हणून सही करण्याआधी वाचा आणि तुमचे शब्द टाकायला लावा. असं काहीतरी:

"इंजिन २५ ते ३० मिनिटं चालल्यावर, सिग्नलला पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून थांबताना बंद पडते. मीटर चालू राहतं, पिवळा दिवा लागत नाही. पंपाचा आवाज येतो. पाच मिनिटांनी सुरू होते. टाकी अर्धी. ही तक्रार याआधी अमुक तारखेच्या जॉबकार्डवर नोंदवली आहे."

शेवटचं वाक्य गाळू नका. तीच तक्रार तेच शब्द वापरून दर वेळी नोंदवली गेली, तर पुढे कुणी "ग्राहकाने वेगवेगळ्या तक्रारी केल्या" असं म्हणू शकत नाही. प्रत्येक जॉबकार्डची प्रत किंवा फोटो ठेवा. कॉम्प्युटर लावणार असतील तर चालू एरर आणि साठलेल्या जुन्या एरर दोन्ही बघायला सांगा, आणि पुसण्याआधी स्क्रीनचा फोटो घ्या. ट्रायल रिकामी आणि थंड गाडीची नको. तुमच्या वेळेला, तुमच्या रस्त्यावर, मेकॅनिक पुढे आणि तुम्ही मागे बसून, गाडी गरम होईपर्यंत. पहिल्यांदा नकार मिळेल. दुसऱ्यांदा वर्कशॉप मॅनेजरला भेटा.

मेकॅनिकवर राग काढून उपयोग नसतो. त्याच्या वाट्याला दिवसाला ठरावीक गाड्या येतात आणि न सापडणाऱ्या दोषासाठी त्याला वेळ कुणी देत नाही. तो वेळ वरून मिळवावा लागतो. कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा, चेसिस नंबर, तारखा आणि जॉबकार्डचे फोटो जोडून. कंपनीचा एरिया इंजिनिअर ठरावीक दिवशी शोरूमला येतो, त्या दिवसाची वेळ मागा. याच ईमेलमध्ये तुमच्या चेसिस नंबरवर काही रिकॉल आहे का हेही विचारून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने सदोष गाड्या परत बोलावायला लावण्याचा अधिकार सरकारला दिलेला आहे, आणि कंपन्या स्वतःहूनही पार्ट बदलून देतात. पण त्या रिकॉलचं पत्र बऱ्याचदा जुन्या पत्त्यावर गेलेलं असतं.

एवढ्यानेही हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे तक्रार नोंदवल्यावर कंपनीकडून फोन येण्याची शक्यता बरीच वाढते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, आणि मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. मोटारसायकल यात आरामात बसते. दोष तपासण्याशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे तपासणीला पाठवू शकतो. मात्र "नवी गाडीच बदलून द्या" या मागणीवर सगळी भिस्त ठेवू नका. मारुती उद्योग विरुद्ध सुशील कुमार गबगोत्रा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली वॉरंटीच्या अटींवर बोट ठेवून सांगितलं की त्यात सदोष पार्ट बदलून द्यायचं कबूल केलेलं असेल, तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. म्हणून मागणी लिहिताना पायऱ्या ठेवा: दोष कायमचा दूर करणे, ते न जमल्यास गाडी बदलणे किंवा पैसे परत, आणि झालेल्या त्रासाची भरपाई.

गाडी दुरुस्त करून मिळाली की कुठला पार्ट बदलला आणि का, हे बिलावर लिहून घ्या, वॉरंटीत शून्य रुपयांचं बिल असलं तरी. मग ज्या परिस्थितीत बंद पडायची तीच मुद्दाम तयार करा: तोच रस्ता, तेवढीच टाकी, तसंच ऊन. आणि तोपर्यंत घाटात डबल सीट जाऊ नका.